होकाराची खुर्ची

“एवढ्यात होय म्हणू नकोस,” मी वृषालीला म्हणाले.

ती माझ्या टेबलापलीकडे उभी होती, वही छातीशी धरून. विभागाच्या व्हरांड्यात मुलांचा गलका चालू होता, म्हणून मी दार लोटून घेतलं होतं.

“पण मॅडम, त्यानं बरोबर मांडलं होतं. खरं सांगू? माझ्याहून बरं मांडलं. मी मनात म्हटलं, हे मुद्दे मला कसे सुचले नाहीत?”

“मुद्दे बरोबर होते गं. पण त्यात जीव नव्हता. पाठांतर होतं.”

“हणमंत आणि पाठांतर?” ती हसली. “मॅडम, त्याला त्याच्या संघटनेच्या घोषणासुद्धा पाठ नाहीत. मोर्चात नुसते ओठ हलवतो, आम्ही पलीकडून बघतो ना.”

एरवी मीही हसले असते. त्या दिवशी नाही हसले.

“खुर्चीत तू बसतेस, होकार तुझा आहे,” मी म्हणाले. “पण घाईनं दिलेला होकार कच्चा असतो. आणखी एकदा मांडू दे त्याला. काही बिघडत नाही.”

वृषाली देवणीकर हुशार मुलगी होती आणि माझ्यावर तिची श्रद्धा होती. तिनं मान हलवली. मी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली; सकाळच्या नैवेद्यातले चार खडे नेहमी माझ्या पर्समध्ये असायचे. देवाची खडीसाखर देऊन मी तिला खोटं बोलायला पाठवलं. बावीस वर्षं झाली, पण तिच्या तळव्यावरचे ते खडे मला अजून दिसतात.

हा होकाराचा प्रकार काय, ते आधी सांगते.

आमच्या विद्यापीठात त्याआधीच्या वर्षी दोन विद्यार्थी संघटनांची ग्रंथालयासमोर काठ्यांनी मारामारी झाली होती. कुलगुरूंनी राज्यशास्त्राच्या आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, या मुलांना एकमेकांशी बोलायला शिकवा. बाकीचे माना डोलावून घरी गेले. मी मात्र एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक नवा पेपर लावून घेतला, ‘संवाद’ नावाचा. त्याचं सगळं तंत्र माझ्या वडिलांच्या कीर्तनातून उचललेलं होतं.

गोविंदबुवा आष्टीकर म्हणजे माझे अण्णा. नारदीय कीर्तनकार. पूर्वरंगात एखादं मत खोडून काढायचं असेल तर आधी ते मत ते इतक्या प्रेमानं मांडायचे, की विरोधकानंही मान डोलवावी. एकदा औशाकडच्या एका गावात त्यांनी नास्तिकाची बाजू अशी काही रंगवली, की मध्यंतरात बुक्का लावायला आलेले पंच घाबरून कानात म्हणाले, “बुवा, देव आहे ना पण नक्की?” अण्णा म्हणाले, “थांबा की हो, उत्तररंग व्हायचाय अजून!”

दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या तोंडात शोभेल असं मांडता आलं, तरच आपलं म्हणणं मांडायचा हक्क. अण्णांचा हा नियम मी वर्गात आणला. एक खुर्ची मध्यभागी. तिच्यात बसायचं विरुद्ध मताच्या विद्यार्थ्यानं. समोर उभं राहायचं आणि खुर्चीतल्याचं मत ‘मी’ म्हणून बोलायचं. शेवटी विचारायचं, “हेच का तुझं म्हणणं?” खुर्चीतला “होय” म्हणाला, की झालं.

एवढाच नियम होता. तीन वेळा होकार मिळाला नाही तर पेपरात नापास, ही अट मूळ आराखड्यात नव्हती. ती मी जूनमध्ये घातली. प्रवेशाची यादी हातात आल्यावर, चौथ्या क्रमांकावर हणमंत धाकतोडे हे नाव वाचल्यावर.

त्याच्याआधी दोन वर्षं, विद्यापीठाच्या स्थापना दिनाला अण्णांचं कीर्तन ठेवलं होतं. खुल्या सभागृहात, संध्याकाळी पाचला. वृषालीच्या संघटनेनं ते ठरवलं होतं. हणमंतच्या संघटनेचा विरोध होता. सरकारी विद्यापीठ सगळ्यांचं, त्यात एका धर्माचा कार्यक्रम का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी निवेदनं दिली होती, कुणी उत्तर दिलं नव्हतं.

अण्णा एकाहत्तर वर्षांचे. पांढरी पगडी, उपरणं, हातात चिपळ्या. नमन झालं, पद सुरू झालं, आणि मागून थाळ्या वाजायला लागल्या. वसतिगृहाच्या खानावळीतल्या स्टीलच्या थाळ्या, तीस-चाळीस. अण्णा हसले. त्यांना वाटलं, पोरं ताल धरतायत. ते खरंच त्या तालात गायला लागले! मग एक उंच, काळासावळा मुलगा मंचाच्या कडेनं पुढं आला आणि त्यानं माईकची वायर ओढून काढली.

अण्णा थांबले नाहीत. माईकशिवाय गायले. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग त्यांचा आवाज फाटला. जुनं धोतर फाटावं तसा, आधी थोडा आणि मग टराटरा. थाळ्या वाजतच होत्या. अण्णांनी चिपळ्या खाली ठेवल्या, आरतीची वाट न बघता दोन ओळींत कीर्तन आवरतं घेतलं, मंचावरून उतरले, त्या मुलासमोर गेले आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

मुलगा एक पाऊल मागं सरला. मागं हशा पिकला. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा आला: ‘विद्यार्थी नेत्यापुढं कीर्तनकाराचं लोटांगण’.

त्यानंतर अण्णा कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत. आवाज गेला तो गेलाच. अकराव्या महिन्यात अण्णाही गेले. मी येईल त्याला सांगत होते, त्या पोरानं माझ्या अण्णांचा आवाज घेतला. तेराव्याला तर मी देवासमोर हात जोडून मागितलं होतं: पांडुरंगा, तो माझ्या हातात दे एकदा.

आणि देवानं यादी पाठवली.

पहिल्या फेरीचं उत्तर वृषालीनं राखून ठेवलं होतं; माझ्याशी बोलून ती वर्गात ‘नाही’ म्हणाली, आणि पुढच्या सोमवारी दुसरी फेरी झाली. वर्गात बावीस मुलं. विषय तोच: विद्यापीठात धार्मिक कार्यक्रम असावेत का. वृषाली खुर्चीत. हणमंत समोर, बाह्या दुमडलेल्या, हात मागं बांधलेले.

“मी खेड्यातनं आलेली मुलगी आहे,” तो वृषाली होऊन बोलू लागला. एकदोघं फिदीफिदी हसली, मग गप्प झाली. “माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. तिला जे काही चांगलं-वाईट कळलं ते देवळातल्या कीर्तनात कळलं. तीच तिची शाळा. मी शिकले, विद्यापीठात आले, आणि मला इथं सांगतात, आजीची शाळा फाटकाबाहेर ठेवून ये. सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचंच काही नको, असं का? सगळ्यांचं सगळं असू दे की. मला कुणाचं बंद करायचं नाही. माझं बंद करू नका, एवढंच.”

तो थांबला. “हेच का तुझं म्हणणं?”

वृषालीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटावर काहीतरी लिहीत होते.

“नाही,” ती म्हणाली. “म्हणजे... अजून थोडं.”

“कुठं कमी पडलं? सांग, मी सुधारतो.”

“ते सांगायचं नसतं,” मी मध्येच म्हणाले. “ज्याचं त्यानं शोधायचं.”

अण्णांनी असं कधीच म्हटलं नसतं. ते मृदंगवाल्याला भर कीर्तनात थांबून सांगायचे, बाळा, इथं नाही, इथं.

त्याच दुपारी हणमंत माझ्या खोलीत आला. हातात एक लिफाफा.

“मॅडम, बसू का?”

“बस. पाणी घे.” घरी आलेल्याला पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. शत्रूलाही.

पाणी पिऊन त्यानं लिफाफा पुढं केला. हैदराबादच्या विद्यापीठात त्याची एम. फिल.साठी निवड झाली होती. पूर्ण निकाल पंधरा जूनच्या आत पोचायला हवा होता, सगळे पेपर सुटलेले.

“बाकीचे सुटतील. हा तेवढा राहिला, तर जागा जाते. माझ्या मागं पुन्हा तयारी करायला वर्ष नाही, मॅडम. घरी धाकटी दोघं आहेत.”

“अजून एक फेरी आहे की.”

“वृषाली होय म्हणत नाही. माझं काय चुकतंय ते कळत नाही मला.”

“नियम सगळ्यांना सारखा, हणमंत.”

हे वाक्य उच्चारताना मला जे सुख झालं, ते कसं सांगू! निर्जळी एकादशी करावी आणि द्वादशीला पहिला घास तोंडात जावा, तसं. दोन वर्षांचा उपास होता माझा.

तो उठला. दारात थांबून म्हणाला, “मॅडम, त्या दिवसाबद्दल...”

“कुठल्या?”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “काही नाही,” म्हणाला आणि गेला.

तिसरी फेरी गुरुवारी. मी मुद्दाम अण्णांची पांढरी शाल घेऊन गेले होते. त्यांनाही बघू दे. मुलं आज कुजबुजत नव्हती. हैदराबादची बातमी सगळ्यांना कळली होती, दोन्ही संघटनांना. खुर्ची मध्यभागी, आणि तिच्यात कुणीच नाही. वृषाली मागच्या बाकावर.

“वृषाली, चल बाळा.”

“मी नाही बसणार, मॅडम.”

“का?”

ती उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. “मला दोनदा जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही. तिसऱ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही.”

तिनं माझं नाव घेतलं नव्हतं.

“अगं, मग त्याचंच नुकसान आहे. खुर्चीत कुणी नसेल तर फेरीच नाही.”

“तुम्ही बसा की,” ती म्हणाली. “तुमचं मतही तेच आहे. विद्यापीठात कीर्तन व्हावं.”

“मॅडम बसल्या तर सुटलंच हो त्याचं!” मागून कुणीतरी म्हणालं.

“सुटलं म्हणजे? अडकलं म्हण,” दुसरा म्हणाला. त्याला कुणीतरी कोपर मारलं.

मी हणमंतकडे पाहिलं. “चालेल?”

“चालेल,” तो म्हणाला.

मी खुर्चीत बसले. शाल सावरली. तो समोर उभा राहिला. या वेळी त्यानं हात मागं बांधले नाहीत, दोन्ही बाजूंना मोकळे सोडले.

“मी कीर्तनकाराची मुलगी आहे,” त्यानं सुरुवात केली. “माझ्या वडिलांनी पंचेचाळीस वर्षं उभं राहून देवाचं गायलं. कुणाच्या दारात ‘मला बोलवा’ म्हणून गेले नाहीत. मी शिकले, विद्यापीठात लागले. इथं लोक माझ्या हातातलं पुस्तक बघून मान देतात आणि कपाळावरचा बुक्का बघून हसतात. मला वाटायचं, या दोन गोष्टी एकाच घरातल्या आहेत, हे यांना एकदा दाखवावं. वाद कसा करावा हे मी पुस्तकात नाही शिकले, वडिलांच्या पूर्वरंगात शिकले. हे लोकांनी एकदा ऐकावं.”

तो थेट माझ्याकडे बघून बोलत होता.

“मग एक मुलगा आला. त्याला विरोध करायचा हक्क होता. मी राज्यशास्त्र शिकवते, मला माहीत आहे. त्याच्या निवेदनांना कुणी उत्तर दिलं नाही, हेही माहीत आहे. तो मंचावर येऊन ‘मला बोलायचंय’ म्हणाला असता, तर माझ्या वडिलांनी त्याला शेजारी उभं केलं असतं, स्वतःचा माईक दिला असता. पण तो बोलला नाही. त्यानं वायर ओढली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज तीनशे लोकांसमोर फाटू दिला. आपल्या मताला उत्तर मिळालं नाही म्हणून त्यानं दुसऱ्याचा आवाज बंद केला. याला राजकारण म्हणत नाहीत. याला निर्दयपणा म्हणतात.”

कुणाची तरी पेन्सिल खाली पडली. कुणी उचलली नाही.

“मला तो मुलगा वर्गात नको होता, आणि हवाही होता. मी त्याला नियमात पकडलं. त्याची जागा जाईल हे मला माहीत आहे. जावी, असं मला वाटतं. माझं गेलं, त्याचं जावं.” त्यानं एक श्वास घेतला. “आणि हे सगळं खरं असून आणखी एक आहे. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. वडील नको म्हणत होते. त्यांचा घसा तीन महिने आधीपासून दुखत होता, गाठ लागत होती हाताला. ते म्हणाले होते, शैलू, या वेळी राहू दे. मी ऐकलं नाही. हट्ट माझा होता. त्या मुलावर मी जेवढी रागावले आहे, त्यातला अर्धा राग त्याचा नाही.”

घराबाहेर मला शैलू म्हणणारं कुणी नव्हतं.

अण्णांना बोलता येईना, तेव्हा ते शाळकरी पाटीवर लिहायचे. कार्तिकात एका संध्याकाळी मी विद्यापीठातून आले, तर पाटी ओली होती आणि दोन कप धुवून पालथे घातलेले. कोण आलं होतं विचारलं, तर अण्णांनी लिहिलं, ‘एक श्रोता’. मी पुढं विचारलं नाही. श्रोते यायचेच.

मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, श्रोता कोण होता.

“हेच का तुमचं म्हणणं, मॅडम?” हणमंतनं विचारलं.

त्याच्या आवाजात विनवणी नव्हती. कुत्सितपणा नव्हता. पूर्वपक्ष मांडून झाल्यावर अण्णा जसे श्रोत्यांकडे बघायचे, काही राहिलं असेल तर सांगा बाबांनो, तसा तो बघत होता. शब्दन् शब्द माझा होता. मला स्वतःला इतकं नीट मांडता आलं नसतं.

बावीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. होय म्हणायचं म्हणजे त्याला हैदराबादला जाऊ द्यायचं, एवढंच नव्हतं. त्या शेवटच्या वाक्यांनाही होय म्हणायचं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

वृषालीनं मागच्या बाकावर डोकं टेकलं.

निकाल लागला. हणमंत एका पेपरात राहिला. हैदराबादची जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्यानं पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा दिली नाही. पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात लागला असं कळलं, मग तेही कळेनासं झालं. मी व्हरांड्यात दिसले की वृषाली जिन्यानं खाली जायची. त्या वर्षी मात्र दोन्ही संघटनांत एकदाही काठी चालली नाही. कुलगुरूंनी समारंभात माझा सत्कार केला. आज सात-आठ महाविद्यालयांत ही पद्धत चालते. नव्या वर्गाचं उद्घाटन असलं की मला बोलावतात, मध्यभागी खुर्ची मांडतात आणि आग्रह करतात, मॅडम, पहिल्यांदा तुम्ही बसा. मी गुडघे दुखतात म्हणून सांगते आणि उभी राहते.

माझं कीर्तन ऐकणं सुटलेलं नाही, सुटणार नाही. पुढच्या ओळीत बसते, टाळ्या वाजवते, रडतेसुद्धा. फक्त शेवट जवळ आला की चपला शोधायला उठते.

कारण त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं.

मी नाही म्हणाले, तेव्हा हणमंतनं मान हलवली. दप्तर खांद्याला लावलं. दाराकडे निघाला, आणि परत फिरला. माझ्या खुर्चीसमोर आला, वाकला, आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

“कीर्तन संपल्यावर असं करतात ना, मॅडम?” तो हळूच म्हणाला. “लहान-मोठं बघायचं नाही, जो समोर असेल त्याच्या पायांना हात लावायचा, आणि त्यानं आपल्या. बुवांनी मला पाटीवर लिहून सांगितलं. मला वाटलं होतं, ते हरले म्हणून वाकले. मी मागं सरलो. तेव्हा मला रीत माहीत नव्हती.”

तो तसाच वाकून क्षणभर थांबला.

मला रीत माहीत होती. पाळण्यात असल्यापासून माहीत होती. मी शाल घट्ट धरून ताठ बसून राहिले.